हयगय म्हणजे नेमकं काय? गोगलगाय, क्रिकेटचा चेंडू आणि पोटात राहिलेला मॉप

पाऊलवाट:

लॉच्या पहिल्या वर्षाला अपकृत्य कायदा असतो, म्हणजे एकाच्या वागण्याने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई कधी द्यायची त्याचा कायदा, आणि परीक्षा संपली की बहुतेकांच्या डोक्यातून तो जातो. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. दरवर्षी तेच जुने निवाडे काढून बसले की वाटतं, हे वकिलांपुरतं राहायला नको. बाटली, चेंडू, इंजेक्शनची कुपी, गवताची गंजी, असल्या साध्या वस्तूंवरून न्यायाधीशांना ठरवावं लागलं की माणसाने दुसऱ्या माणसाची किती काळजी घ्यायची. म्हणून हा धागा.

आधी शब्दाबद्दल. बोलताना आपण निष्काळजीपणा म्हणतो, कायद्याच्या मराठीत हयगय. दोन्ही ऐकले की डोळ्यांपुढे बेफिकीर, उर्मट माणूस येतो. पण कायदा त्याच्या मनात शिरत नाही. १८३७ चा व्हॉन विरुद्ध मेनलव्ह हा खटला बघा. एकाने शेजाऱ्याच्या घरांजवळ गवताची गंजी रचली. ती पेट घेईल असं त्याला पाच आठवडे लोक सांगत होते. शेवटी ती पेटली आणि शेजाऱ्याची घरं गेली. बचाव असा होता की, माझ्या अकलेप्रमाणे मी प्रामाणिकपणे वागलो, माझी अक्कल कमी असेल तर तो माझा दोष नाही. कोर्टाने हे मानलं नाही. तुमची अक्कल किती हा प्रश्नच नाही, समंजस माणूस तिथे कसा वागला असता एवढंच बघायचं, असं ठरलं. ही मोजपट्टी आजही तीच आहे.

आता सगळ्यात प्रसिद्ध खटला. २६ ऑगस्ट १९२८, स्कॉटलंडमधलं पेझ्ली गाव. मे डॉनह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर एका कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद तपकिरी काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. मालकाने थोडं आइस्क्रीमवर ओतलं, तिने ते खाल्लं. मग मैत्रिणीने उरलेलं ओतलं आणि डॉनह्यूचं म्हणणं असं की त्याबरोबर कुजलेली गोगलगाय बाहेर आली. बाई आजारी पडली, तिला दवाखाना गाठावा लागला.

दावा कोणावर करायचा? कॅफेवाल्याशी व्यवहार मैत्रिणीचा, पैसे तिने दिलेले. बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर दोघींचाही काही करार नाही. तेव्हाचा साधारण नियम असा की करार नाही तर उत्पादकाची जबाबदारी नाही, थोडे अपवाद सोडले तर. त्यात भर म्हणजे तिचा वकील, वॉल्टर लीचमन, नुकताच असाच एक खटला हरला होता. त्या बाटलीत उंदीर होता. तो निकाल विरुद्ध गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत त्याच माणसाने गोगलगायीचा दावा दाखल केला. मला या खटल्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. बाईकडे तर पैसेच नव्हते. अख्ख्या जगात आपली पाच पौंडांचीही मालमत्ता नाही असं तिने शपथेवर सांगितलं, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, निर्धन म्हणून अपील चालवायची परवानगी मिळाली.

२६ मे १९३२ ला बाईच्या बाजूने निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी शेजारी या शब्दाला कायद्यात जागा करून दिली. शेजाऱ्यावर प्रेम कर ही बायबलमधली आज्ञा कायद्यात येते तेव्हा तिचं रूप होतं, शेजाऱ्याला इजा करू नकोस. आणि मग वकील विचारतो, माझा शेजारी कोण? ॲटकिन यांचं उत्तर थोडक्यात असं: माझ्या कृतीची झळ ज्यांना थेट लागेल हे मला आधीच सुचायला हवं होतं, ते सगळे माझे शेजारी. भिंतीला भिंत लागून असण्याची गरज नाही. बाटलीला बूच लावणाऱ्याचा शेजारी ती बाटली उघडणारा अनोळखी माणूसही असतो.

तुमच्या माहितीतले निवाडे, अनुभव, आक्षेप जरूर लिहा.

झुळूक:

ताई, खूप छान समजावलंत. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉनह्यू आवडला, पण पाल्सग्राफ हा अमेरिकेतला खटला वाचल्यापासून मला राग आहे तो जात नाही. इतरांसाठी थोडक्यात लिहिते. २४ ऑगस्ट १९२४, न्यू यॉर्कमधलं रेल्वे स्टेशन. चालत्या गाडीत चढणाऱ्या माणसाला एका रेल्वे कर्मचाऱ्याने आतून ओढलं, दुसऱ्याने मागून ढकललं. त्याच्या हातातलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं रुळांवर पडलं. त्यात फटाके होते, ते उडाले. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला वजनकाटा होता, तो हेलन पाल्सग्राफ यांच्या अंगावर पडला. ज्युरीने ६,००० डॉलर दिले, मधल्या कोर्टाने ते कायम केले आणि १९२८ मध्ये वरच्या कोर्टाने चार विरुद्ध तीनने सगळं काढून घेतलं. ती बाई आपल्या मुलींना घेऊन समुद्रावर निघाली होती. तिची काय चूक?

कातळ:

झुळूक, चूक तिची नव्हतीच आणि कोर्टानेही तसं म्हटलं नाही. निकाल लिहिणाऱ्या न्या. कार्डोझो यांचा मुद्दा वेगळा होता. कर्मचाऱ्यांनी हयगय केली असली तर ती पुडकंवाल्याच्या बाबतीत केली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हातभर पुडक्याकडे पाहून लांब उभ्या असलेल्या बाईला धोका आहे हे कोणालाही सुचलं नसतं. म्हणून तिच्यापुरतं त्यांचं कर्तव्यच उभं राहत नाही. हयगय हवेत नसते, कोणाच्या तरी संदर्भात असते.

न्या. अँड्र्यूज यांचं विरोधी मत मात्र जरूर वाचा. ते म्हणतात, इजा होऊ नये याची काळजी घेण्याचं कर्तव्य प्रत्येकाचं साऱ्या जगाशी आहे. मर्यादा घालायचीच तर ती कारण किती जवळचं यावर घाला. आणि ती रेघ तर्काने आखली जात नाही, कुठेतरी थांबायला हवं म्हणून व्यवहाराने आखली जाते, हे ते उघड कबूल करतात. मी वीसेक वर्षं अपघात भरपाईच्या केसेस चालवतो आहे. माझं मत अँड्र्यूज यांच्या बाजूने आहे. ज्या बाईने काहीच केलं नाही तिने तोटा सोसायचा आणि ज्या कंपनीच्या माणसांनी धक्काबुक्की केली ती मोकळी, हे मला कधीच पटलं नाही.

पण कार्डोझो यांना एका निकालावर तोलू नका. १९१६ मध्ये, म्हणजे ॲटकिन यांच्या सोळा वर्षं आधी, याच न्यायाधीशांनी मॅकफर्सन विरुद्ध ब्युइक मोटर या खटल्यात गाडी बनवणाऱ्या कंपनीला जबाबदार धरलं होतं. गाडीच्या लाकडी चाकाचे आरे मोडले होते. चाक दुसऱ्या कारखान्यातून आणलेलं, गाडी दुकानदाराने विकलेली, म्हणजे करार कंपनीशी नाहीच. तरी चाक तपासायला हवं होतं, असा निकाल दिला. डॉनह्यूच्या निकालपत्रात ॲटकिन यांनी या निकालाचा आधार घेतला आहे. दार उघडणारा आणि ते किती उघडायचं हे ठरवणारा माणूस एकच, असं समजा.

उत्तररात्र:

मी इंजिनिअर आहे, कायद्याचा माणूस नाही. पण कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो म्हणून दोन निवाडे मला पाठ आहेत. दोन्ही १९५१ च्या अहवालांतले, दोन्ही हाउस ऑफ लॉर्ड्सचे, आणि शेजारी ठेवून वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो.

पहिला बोल्टन विरुद्ध स्टोन. क्रिकेटच्या मैदानातून षटकार थेट बाहेर गेला आणि घरासमोर रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईंना लागला. कुंपण सात फुटांचं, पण जमीन चढत गेलेली असल्याने खेळपट्टीपासून मोजलं तर सतरा फूट. पुराव्यात असं आलं की साधारण तीस वर्षांत सहाएक वेळाच चेंडू रस्त्यावर गेला होता. बाई हरल्या. धोका आधी कळण्यासारखा होता हे सगळ्यांना मान्य होतं, पण तो इतका क्षुल्लक की समंजस माणसाने त्यासाठी वेगळं काही केलं नाही तर ती हयगय ठरत नाही.

दुसरा पॅरिस विरुद्ध स्टेपनी बरो कौन्सिल. गॅरेजमधला फिटर, एका डोळ्याने आधीच अधू. गाडीखाली शिरून गंजलेला बोल्ट हातोडीने ठोकत होता. कपचा उडाला तो चांगल्या डोळ्यात गेला. माणूस पूर्ण आंधळा झाला. कौन्सिलने सांगितलं, या कामाला कोणालाच गॉगल देण्याची रीत नाही. तीन विरुद्ध दोन असा कामगाराच्या बाजूने निकाल लागला. कारण कपचा उडण्याची शक्यता सगळ्यांना सारखीच, पण ज्याला एकच डोळा आहे त्याचं नुकसान सारखं नाही. आणि मालकाला त्याचा डोळा अधू आहे हे ठाऊक होतं.

आमच्याकडे जोखमीचा तक्ता करतात. आडव्या ओळीत शक्यता, उभ्या रकान्यात परिणाम, दोन्हींचा गुणाकार. नव्या सुपरवायझरला हा तक्ता कागदी वाटतो. मी त्याला चेंडू आणि गॉगल सांगतो. मग तो स्वतःहून विचारायला लागतो की या पाळीत कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला चक्कर येते. १९४७ मध्ये अमेरिकेत न्या. लर्नेड हँड यांनी कॅरल टोइंगच्या खटल्यात हेच सूत्र मांडलं. खबरदारीचा खर्च हा अपघाताची शक्यता गुणिले नुकसान याहून कमी असेल आणि तरी ती घेतली नसेल तर ती हयगय. खटला बंदरातल्या एका बार्जचा, म्हणजे मालवाहू नावेचा होता, तिच्यावरचा माणूस एकवीस तास जागेवर नव्हता. पण सूत्र एवढंच बघितलं तर घात होतो. फिटरच्या डोळ्याची किंमत कोण लावणार?

आणखी एक, आपल्या सुप्रीम कोर्टाचा. १९६६, दिल्ली महापालिका विरुद्ध सुभगवंती. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली. मनोरा ऐंशी वर्षांचा, आणि ज्या चुन्यात तो बांधला होता त्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. आतल्या चुन्याची भुकटी झाली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं, असं पालिकेचं म्हणणं. कोर्टाने सांगितलं, रस्त्यालगतची जुनी इमारत ताब्यात असेल तर ती तपासत राहणं तुमचं काम, दोष दिसत नव्हता हे उत्तर चालणार नाही. बांधकाम तपासायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे निकालपत्र एकदा वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

पारंबी:

चांगला धागा. पण अति होतं तेही लिहा ना. अमेरिकेत एका बाईने गरम कॉफी स्वतःच्या अंगावर सांडून घेतली आणि कोट्यवधी उकळले, तो खटला. अशाने उद्या कोणीही कशासाठीही दावा करेल.

पाऊलवाट:

पारंबी, बरं झालं विचारलंत. हा खटला जगभर चुकीचा सांगितला जातो आणि त्या बाईंवर फार अन्याय झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

लीबेक विरुद्ध मॅकडोनाल्ड्स. १९९२, अल्बुकर्की. बाई ७९ वर्षांच्या. गाडी नातू चालवत होता, त्या शेजारी बसल्या होत्या आणि गाडी उभी होती. साखर-दूध घालायला त्यांनी कप गुडघ्यांत धरला, झाकण ओढलं, कॉफी मांडीवर सांडली. सुती पॅंटने ती शोषली आणि कातडीला धरून ठेवली. कॉफी ठेवण्याचा कंपनीचा दंडक १८० ते १९० फॅरनहाइटचा, म्हणजे सेल्सिअसमध्ये ८२ ते ८८. इतक्या तापमानाला काही सेकंदांत कातडी आरपार भाजते. बाईंना तिसऱ्या प्रतीच्या भाजण्याने आठ दिवस रुग्णालयात राहावं लागलं, कातडीरोपण करावं लागलं. त्यांनी कंपनीकडे मागितले २०,००० डॉलर, आणि कंपनीने देऊ केले ८००. तिथून प्रकरण कोर्टात गेलं.

ज्युरीपुढे आलं की आधीच्या दहा वर्षांत कंपनीकडे भाजल्याच्या सातशेवर तक्रारी आल्या होत्या. १९९४ मध्ये ज्युरीने दोन लाख डॉलर भरपाई ठरवली आणि बाईंचीही चूक वीस टक्के धरून त्यातून चाळीस हजार कापले. हे कोणी सांगत नाही. वर दंडात्मक म्हणून २७ लाख डॉलर लावले, ते न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणले. पुढे दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं, आकडा बाहेर आला नाही.

कॉफी गरम असते हे सगळ्यांना माहीत असतं. सातशे माणसं भाजली आहेत हे मात्र कंपनीलाच माहीत होतं. मला सगळा खटला या एका फरकावर उभा वाटतो.

पारंबी:

ताई, हे खरंच ठाऊक नव्हतं. आठशे डॉलर वाचून वाईट वाटलं. मी ही गोष्ट कित्येकांना हसत सांगितली आहे, आता सांगणार नाही.

दीपमाळ:

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, सव्वीस वर्षं. शीर्षकात मॉप, म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त टिपायचं कापड, हा शब्द बघून धागा उघडला. अच्युतराव खोडवा यांच्या खटल्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या प्रशिक्षणात तो एका सरांनी सांगितला होता, तेव्हापासून विसरले नाही.

१९६३, औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. बाई १० जुलैला बाळंतपणासाठी दाखल झाल्या. बाळंतपणानंतर १३ तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप, पोटात असह्य दुखणं. १९ तारखेला पोट पुन्हा उघडलं तर आत मॉप आणि त्याभोवती पू. २४ तारखेला बाई गेल्या. पतीने दावा केला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, हायकोर्टाने ते रद्द केले, आणि सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये पुन्हा दिले. तेहतीस वर्षं.

कायद्याचं तुम्ही मंडळी जास्त नीट सांगाल. मला जे कळलं ते असं की नेमकी चूक कोणाची, डॉक्टरची की सिस्टरची की वॉर्डबॉयची, हे शोधत बसायची गरज नाही, कापड पोटात राहिलं हीच गोष्ट बोलते.

कातळ:

दीपमाळ ताई, अगदी बरोबर कळलं आहे. त्याला लॅटिनमध्ये रेस इप्सा लॉक्विटर म्हणतात, म्हणजे घडलेली गोष्ट स्वतःच बोलते. १८६३ मध्ये इंग्लंडमध्ये दुकानाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचं पिंप रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यावर पडलं. ते कसं पडलं हे त्याने सिद्ध करायला हवं, असा दुकानदाराचा वाद होता. कोर्टाने म्हटलं, पिंपं आपोआप खाली पडत नाहीत, कसं पडलं ते तुम्हीच सांगा. सुभगवंतीतही हेच तत्त्व लावलं गेलं.

खोडवा खटल्यात दुसरा मुद्दाही तितकाच मोठा आहे. हायकोर्टाने सरकारला मोकळं सोडलं होतं, रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम, म्हणजे ज्यासाठी सरकारवर दावा चालत नाही असं काम, धरून. सुप्रीम कोर्टाने ते खोडून काढलं. रुग्णालय खासगी माणसंही चालवतात, मग त्यात सार्वभौम काय?

डॉक्टरांच्या बाबतीत पाया घातला तो १९६८ च्या लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या निकालाने. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत, १९५३ चा मे महिना, समुद्रकिनाऱ्यावर तरुण मुलाची मांडी मोडली. गावच्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या, मग त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं. तिथे पूर्ण भूल न देता हाड बसवताना जोर लावून पाय ओढला गेला, असं कोर्टाने धरलं. त्याच रात्री मुलगा गेला. कोर्टाने डॉक्टरांची तीन कर्तव्यं सांगितली: केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो करताना काळजी. भरपाई होती ३,००० रुपये. पंधरा वर्षं बापाने लढा दिला तो तीन हजारांसाठी नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

आणि डॉक्टर मंडळींच्या मनातल्या भीतीसाठी हेही सांगतो की २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी साधी हयगय पुरत नाही, ती घोर असावी लागते, असं ठरवलं. दिवाणी भरपाई वेगळी, तुरुंग वेगळा.

झुळूक:

मग आजच्या ज्ञानाने कालच्या डॉक्टरला दोषी ठरवायचं का?

पाऊलवाट:

नाही. रो विरुद्ध आरोग्यमंत्री, १९५४. ऑक्टोबर १९४७ मध्ये एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात दोघांना कण्यात भूल दिली आणि दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. भुलेच्या काचेच्या कुपी जंतुनाशक म्हणून फिनॉलच्या द्रावणात ठेवत. काचेला डोळ्यांना न दिसणारे तडे गेले होते आणि त्यातून फिनॉल आत झिरपलं, असं कोर्टाने मानलं. तो धोका तेव्हा वैद्यकाला ठाऊकच नव्हता. १९४७ च्या अपघाताकडे १९५४ च्या चष्म्यातून बघू नका, असं लॉर्ड डेनिंग यांनी म्हटलं. ते दोघे हरले. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर आहे असंच मी शिकवते, पण त्या दोन माणसांना हयगयीच्या कायद्याने काहीच दिलं नाही, हेही वर्गात सांगते.

हयगय सिद्ध न करताही भरपाई मिळावी, असा दुसरा रस्ता आहे. कातळ सर, रायलंड्सच्या खटल्याबद्दल तुम्ही लिहाल का?

कातळ:

लिहितो, थोडक्यात. १८६० मध्ये लँकेशायरमध्ये एका गिरणीमालकाने जमिनीवर पाण्याचा साठा केला. खाली जुन्या खाणीची बुजलेली विवरं होती, त्यातून पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत घुसलं. मालकाची स्वतःची हयगय नव्हती. १८६८ मध्ये ठरलं की सुटली तर अपाय करेल अशी वस्तू स्वतःच्या फायद्यासाठी जमिनीवर आणून ठेवली तर ती सुटल्याची जबाबदारी तुमची. मात्र पुढे त्याला अपवाद जोडले गेले, दैवी आपत्ती, तिऱ्हाइताची कृती वगैरे.

डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २० डिसेंबर १९८६ ला सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने सांगितलं, एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश नियम आपल्याला बांधील नाही. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद, एकही पळवाट नाही, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी.

हे वाचताना भोपाळ विसरता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. हा नियम तिथे लागला असता तर? पण तो दावा शेवटपर्यंत चालवलाच गेला नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव भरपाईसाठीची सरकारची याचिका सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. आपल्या देशातला सगळ्यात कडक नियम ज्यांच्यासाठी हवा होता त्यांना तो मिळाला नाही. याचा सल मला वकील म्हणून कायम आहे.

झुळूक:

दीपमाळ ताई, एक विचारू? तुमच्याकडे कधी मॉपचा हिशेब चुकला आहे का?

दीपमाळ:

हो, एकदा. विचारलंस म्हणून सांगते.

आमच्याकडे मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात. चिरा देण्याआधी मोजायचे, पोट बंद करण्याआधी मोजायचे, कातडीला टाके घालण्याआधी पुन्हा मोजायचे. दोघींनी मोठ्याने मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं. त्या रात्री पहाटेचे तीन वाजले होते, रक्तस्राव खूप झालेला, सगळे थकलेले. फळ्यावर पंचवीस, हातात चोवीस. मी सरांना म्हटलं, एक कमी आहे. ते म्हणाले, सिस्टर, मी आत नीट बघितलं आहे, पुन्हा मोजा. पुन्हा मोजले, चोवीस. बादलीतले मॉप एकेक उलगडून जमिनीवर मांडले, चोवीस.

सर भूलतज्ज्ञांकडे बघत होते आणि मला आवाज फुटत नव्हता. पण मी म्हटलं, सर, हिशेब लागेपर्यंत मी टाक्याचं सामान देणार नाही. सव्वीस वर्षांत सरांना मी असं एकदाच बोलले. ते दोन क्षण थांबले आणि पुन्हा आत हात घातला. यकृताच्या वरच्या बाजूला, रक्ताने भिजून त्याच रंगाचा झालेला, मुठीएवढा गोळा. मॉपची दोरी आतच गेली होती.

त्यांनी तो माझ्या ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, पंचवीस लिहा.